निरगाठ

"आजी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं दुखणं किती?"

प्रश्न माझी विद्यार्थिनी विचारत होती. मी मागच्या खुर्चीत वही घेऊन बसले होते. आजींनी उजवा हात तळवा वर करून मांडीवर ठेवला होता, कुणीतरी सांभाळायला दिलेली वस्तू ठेवावी तसा. बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "धा न्हवं बाळ. सोळा. सोळा आणं दुखतंय."

छापील फॉर्मवर दहाच्या पुढे घरच नव्हतं. मुलगी गोकाककडची, घरी कन्नड बोलणारी. मराठी तिला कॉलेजातल्या मैत्रिणींमुळे येत होतं. तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. शिकवणाऱ्यानं अशा वेळी तोंड उघडलं की शिकणाऱ्याचे कान बंद होतात, हे मला फार उशिरा कळलंय. तिनं जरा विचार केला, फॉर्म पालथा घातला आणि कोऱ्या बाजूवर आडवी रेघ ओढून तिचे सोळा भाग केले.

"आत्ता सोळा. मग सकाळी उठल्यावर किती असतं?"

"सकाळच्याला बारा आणं. दिवस बुडला की सोळा."

त्यानंतर सात महिने त्या खोलीतला सगळा हिशोब आण्यांत झाला.

मी बेळगावात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते आणि या विषयात येणाऱ्या मुलामुलींना वॉर्डात नि ओपीडीत शिकवते. इथल्या रुग्णांच्या गोष्टी त्यांना विचारून लिहिल्यात आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. आजी निपाणी तालुक्यातल्या, वेदगंगेच्या काठच्या. हाताचं दुखणं घेऊन त्या आधी हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या, मग नसांच्या. एक्स-रे झाला, एमआरआय झाला. मानेत थोडी झीज निघाली, वयाला धरून असते तेवढीच. साखर मात्र कशानंच उतरत नव्हती. गोळ्या वाढल्या, इन्सुलिन सुरू झालं, तरी आकडा तिथंच. शेवटी कुणीतरी चिठ्ठीवर 'सायकॉलॉजी ओपिनियन' असं लिहिलं. ती चिठ्ठी घेऊन आलेला मुलगा दारातच म्हणाला, "आई काय येडी न्हाई, मॅडम."

"नाहीतच," मी म्हटलं. "आधी हात बघू या."

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या नोंदीत भारतात लाख लोकांमागे ०.०७ मानसशास्त्रज्ञ असा आकडा आहे. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४७ लाखांच्या वर होती. गुणाकार केला तर तीन-सव्वातीन माणसं येतात. अथणीपासून खानापूरच्या जंगलापर्यंत आणि रामदुर्गपासून निपाणीपर्यंत एवढ्या मुलखाला तीन-सव्वातीन. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या पाहणीत दिसलं, की बहुतेक मानसिक आजारांत दहापैकी सात किंवा त्याहून जास्त लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. म्हणून एक मुलगी शिकून तयार झाली तरी माझ्यासाठी ती फार मोठी गोष्ट असते, आणि ती अर्धवट शिकून बाहेर पडली तर तितकीच मोठी धास्तीची.

आमच्या वेळी या शिक्षणाचा राजमार्ग म्हणजे दोन वर्षांचं एम.फिल., रिहॅबिलिटेशन कौन्सिलच्या मान्यतेचं. बेंगळुरूला, आज निम्हान्स आहे त्या जागी, या शिक्षणाची सुरुवात १९५५ मध्ये झाली. आमच्या जवळ धारवाडचं जुनं मनोरुग्णालय, आताचं डिमहान्स. दुसऱ्या वर्षाला 'बिहेवियरल मेडिसिन' नावाचा पेपर असायचा; मधुमेह, हृदयविकार, कॅन्सर, जुनाट वेदना हे सगळं त्यात. मानसिक आघातावर आम्हाला वेगळा पेपर नव्हता. तो मनोविकारांच्या यादीत एक मथळा होता. ही वाटणी किती कृत्रिम आहे हे मला पुस्तकांनी सांगितलं नाही. ते आजींसारख्या माणसांनी सांगितलं.

आमच्या भागात पेशंट कधी 'आघात' म्हणत नाही. 'धसका बसला' म्हणतो. 'त्यानं हाय खाल्ली' म्हणतो. 'जिवाला लावून घेतलं' म्हणतो. धसका छातीत बसतो. हाय खातात, आणि खाल्लेलं अंगाला लागतं. माणूस वाळत जातो, आणि मग गावात सांगतात, हाय खाऊन गेला. कन्नड बोलणारा 'गाबरी' म्हणतो, आपण घाबरणं म्हणतो, आणि दोघंही सांगताना हात छातीवरच ठेवतात. मन कुठं संपतं आणि शरीर कुठं सुरू होतं याची हद्द या शब्दांनी आखलेलीच नाही. ती हद्द आम्ही शिकलेल्यांनी आखली: वरच्या मजल्यावर आमची ओपीडी, खालच्या मजल्यावर त्यांची.

आता वैद्यकशास्त्रही याच वाटेनं परत येतंय. भीतीच्या काळात शरीरात अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल वाढतं, दोन्हींमुळे रक्तातली साखर वाढते. कॅलिफोर्नियात फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांनी १७ हजारांहून अधिक लोकांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं: मार, हेळसांड, घरातलं व्यसन, आईवर उगारलेला हात. १९९८ पासून त्याचे निष्कर्ष छापून येऊ लागले. असे अनुभव जितके जास्त, तितकं मोठेपणी हृदयविकाराचं, फुप्फुसांच्या आणि यकृताच्या आजारांचं प्रमाण जास्त. हे वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली. गल्लीतला कुणी चाळिशीत छातीत कळ येऊन गेला की ती म्हणायची, "लहानपणापास्नं धसक्यावर जगलं ते पोर."

म्हणून माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात मी एक शंभर पानी वही देते. पेशंटनं आपल्या अंगाबद्दल जो शब्द वापरला तो त्यात जसाच्या तसा उतरवायचा. भाषांतर करायचं नाही. 'काळीज लक्कन हलतं', 'पोटात कालवतंय', 'डोक्यात मुंग्या चालत्यात', 'हातातलं बळच गेलं', 'जीव वर-वर येतोय'. केस लिहिताना इंग्रजी लागतं, ते नंतर. एका मुलानं 'जीव वर-वर येतोय'च्या पुढे 'अँझायटी' लिहून आणलं, तेव्हा मी त्याला त्या बाईकडे परत पाठवलं. जीव कुठून कुठं येतो, ते विचारून ये म्हटलं. तो परत आला आणि म्हणाला, "मॅडम, बेंबीपासून गळ्यापर्यंत. गळ्यात आला की त्या पाणी पितात, म्हणजे तो खाली जातो. दिवसाला दोन-दोन कळश्या पितात." बाईंच्या रक्तातलं सोडियम का उतरत होतं, ते त्या दिवशी वॉर्डातल्या डॉक्टरांना कळलं.

माझे एक काका सैन्यात होते. आमच्याकडे यात नवल नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे आणि इथं घरटी एखादा फोटो वर्दीतला असतोच. काका १९७१ ची लढाई बघून आले. दिवाळीत फटाके सुरू झाले की ते सायकल काढून मळ्यात जायचे आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर यायचे. मोठी माणसं म्हणायची, त्यांना धूर सोसत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, 'शेल शॉक' हा शब्द डॉक्टरांच्या मासिकात छापून आला. त्याच सुमारास मराठा पलटणीची माणसं मेसोपोटेमियात होती आणि १९१६ च्या एप्रिलपर्यंत कूतच्या वेढ्यात अडकली होती. त्यातली जी परत आली त्यांच्या अंगात काय आलं, हे कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागं उरणारा मनाचा आजार, हे निदान १९८० मध्ये अमेरिकेच्या मनोविकारांच्या ग्रंथात आलं. मी शिकून नोकरीला लागले त्याच्या आदल्या वर्षी काका गेले. मळ्यात रात्रभर ते काय करायचे, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही.

आता जे सांगणार आहे ते मी दर वर्षी नव्या तुकडीला सांगते. सांगताना दर वर्षी तितकंच जड जातं.

२००९ च्या सप्टेंबरअखेरीस उत्तर कर्नाटकात मोठा पूर आला. मी तेव्हा शिकत होते. आम्हा विद्यार्थ्यांना एका शाळेत उघडलेल्या निवारा केंद्रात नेण्यात आलं. पाठवणाऱ्यांनी हातात एक पान दिलं होतं: लोकांना दहा-बाराच्या गटात गोल बसवा, काय घडलं ते प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायला लावा, भावना मोकळ्या होऊ द्या. फळ्यावर पुरापूर्वीच्या शेवटच्या तासाचे पाढे तसेच होते. एका बाईची पाळी आली. तिच्या पदराखाली तान्हं मूल होतं. ती म्हणाली, "ब्याड्री." नको हो. मी तिला म्हटलं, बोललात की मोकळं वाटेल. माझ्याकडे पान होतं, कागदावर तसं लिहिलेलं होतं. ती बोलायला लागली. चौथ्या-पाचव्या वाक्याला तिचा आवाज गेला आणि नजर फळ्यावर थिजली. मूल रडत होतं, ते तिला ऐकू येईना. मी तिचं नाव घेत राहिले. शेवटी शेजारच्या बायकांनी मूल माझ्या हातात दिलं आणि तिला दोन्हीकडून धरून बाहेर नेलं. संध्याकाळी आमची गाडी निघाली. पुन्हा त्या शाळेत आमच्यापैकी कुणी गेलं नाही.

या पद्धतीला डीब्रीफिंग म्हणतात. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर तिचा अभ्यास छापून आला होता. ज्यांना अपघातानंतर लगेच असं बोलतं केलं, त्यांच्यातल्या २६ टक्के लोकांना १३ महिन्यांनी पीटीएसडी होता. ज्यांना तसंच राहू दिलं, त्यांच्यात ९ टक्के. २००२ मध्ये कॉक्रेनच्या आढाव्यानं सगळे अभ्यास एकत्र पाहून सांगितलं, की एका बैठकीत सक्तीनं बोलतं करणं थांबवा. आम्ही त्या शाळेत गेलो त्याच्या सात वर्षं आधी हे छापलेलं होतं. ते आमच्यापर्यंत कुणी आणलं नाही, आणि पान हातात घेताना मी विचारलं नाही. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका आली. तिचा सगळा सार तीन क्रियापदांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. कोण थरथरतंय ते पाहा. तो जेवढं सांगेल तेवढंच ऐका. आणि पाणी, औषध, हरवलेलं माणूस, तलाठी, जे हवं त्याच्याशी त्याची गाठ घालून द्या. 'बोला' हे क्रियापद त्यात नाही.

म्हणून आमच्या मुलांची पहिली पाळी बर्न्स वॉर्डात लागते आणि तिथं पहिला महिनाभर 'काय झालं' हा प्रश्न विचारायला मी बंदी घालते. नव्या मुलांना हे अवघड जातं. दोन-तीन वर्षं प्रश्न विचारायलाच शिकलेली असतात ती. पण त्या वॉर्डात बहुतेक तरुण बायकांच्या कागदावर एकच वाक्य असतं, स्टोव्हचा भडका उडाला. ते खरं असेल किंवा नसेल. पलंगाशेजारी सासूबाई बसलेल्या असतात, पोलिसांचा जबाब व्हायचा असतो किंवा झालेला असतो, आणि आमच्या फाइलमधली ओळही उद्या कोर्टात जाऊ शकते. तिला कधी, कुणासमोर, किती सांगायचं हे तिनं ठरवायचं. शिकणाऱ्यानं तोवर एकच करायचं: ड्रेसिंगच्या वेळी तिच्याजवळ उभं राहायचं.

सकाळी दहाच्या सुमाराला ट्रॉलीचा आवाज येतो. त्या आवाजानंच वॉर्डातली कण्हणी वाढतात. पट्टीला अजून हातही लागलेला नसतो. पट्टी मिठाच्या पाण्यानं भिजवतात, तरी सुटताना सोलल्यासारखी सुटते. खानापूरकडचा आमचा एक मुलगा एका सव्वीस वर्षांच्या बाईला श्वासाचा सराव देत होता: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. श्वास सोडणं लांबलं की व्हेगस नावाच्या नसेमार्फत हृदयाची गती उतरते, हे त्यानं व्हायव्हात छान सांगितलं असतं. पण तिला मोजताच येईना. तीनला आली की किंचाळायची. तेव्हा पट्टी सोडणारी सिस्टर, मान वर न करता, म्हणाली, "तुझ्या घरी माळ हाय न्हवं? इठ्ठल म्हण. 'ठ्ठल' लांबव." बाईनं म्हटलं. एकेका नावाला श्वास पुरा बाहेर जाऊ लागला. मुलगाही तिच्याबरोबर म्हणू लागला, आधी ओठांतल्या ओठांत, मग ऐकू येईल असं. किंचाळणं थांबलं नाही, पण दोन किंचाळ्यांमध्ये अंतर पडलं. त्या दिवशी त्याच्या वहीत एकच ओळ होती: 'मोजायला आकडे लागतात असं नाही.' मी त्याखाली सही केली.

भाषेबद्दल थोडं लिहायला हवं. सीमाभागात भाषेचं नाव काढलं की माणसं एकदम सावध होतात, आणि त्याला कारणं आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. ती जखम इथं अजून ओली आहे आणि वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. मी त्या वादावर लिहीत नाही. मी संमतीपत्राबद्दल लिहितेय. एका मोठ्या दवाखान्यात मी एका मराठी बाईला कन्नड-इंग्रजी संमतीपत्रावर अंगठा उठवताना पाहिलंय. तिला मराठी वाचता येत होतं, सहीही येत होती. समोरचा कागद वाचता आला नाही म्हणून तिनं मुकाट्यानं शाईचं पॅड ओढलं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात स्पष्ट म्हटलंय, की माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यायची. उलटंही तितकंच खरं: माझ्या मराठी विद्यार्थ्यांना मी कन्नड शिकल्याशिवाय स्वतंत्र केस देत नाही. अथणी-रायबागची, सौंदत्तीची माणसं काय मोडक्या मराठीत रडणार आहेत?

१९३० च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मुलांच्या बुद्धिमापनाची बिने चाचणी आपल्याकडे आणली, ती मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत. तेव्हा हा मुलूख एकच होता आणि त्यांच्यासमोर बसलेल्या मुलांच्या दोन भाषा होत्या, एवढाच सरळ विचार. बिने-कामत चाचणी पुढे दशकानुदशकं देशभर वापरली गेली. माझ्या कपाटात तिची पेटी आहे, कोपरे झिजलेली. ती उघडते तेव्हा मला दर वेळी वाटतं, आपण त्या माणसाच्या मागं पडलोय.

आता आजी.

पहिले दोन महिने त्यांच्या पुराबद्दल आम्ही बोललोच नाही. जेवण, झोप, इन्सुलिनची सुई. रात्री दोनला त्यांना जाग यायची, मग उजाडेपर्यंत डोळा लागायचा नाही. त्या वेळी उठून भाकरीचा तुकडा आणि गूळ खायच्या, आणि सकाळची सुई चुकवायच्या. "जगून कुठं दिवा लावायचाय" असं एकदा म्हणाल्या. मुलीनं ते तिथंच थांबून विचारलं: मरावंसं वाटतं का, कधी, कसं. हे विचारायला आम्ही शिकवतो, आणि हे एक मात्र आडवळणानं विचारायचं नसतं. वाटत होतं. दोन आठवडे सून रात्री त्यांच्याजवळ झोपली, मनोविकारतज्ज्ञांनी औषध सुरू केलं. साखर इथूनच थोडी हलायला लागली.

मग एक दिवस त्या आपणहून म्हणाल्या, की हात दोन हजार एकवीसच्या पावसापासून धरलाय. जुलैत पुन्हा यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं त्या दिवसापासून. "पर खरं तर त्याच्या आदल्या पुरातच गेलाय ह्यो हात."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाटगावचं धरण भरलं, वेदगंगा रात्रीत वाढली. मुलगा आणि सून पोरांना घेऊन टेकावरच्या देवळाकडे निघाले. आजी गोठ्याकडे वळल्या. म्हैस दाव्याला होती. पुढचं त्यांनी फार थोडक्यात सांगितलं: पाणी आलं, म्हस गेली, पोरानं मला वडून न्हेलं. पंचनाम्यात म्हैस एक ओळ झाली. गावानं सांगितलं, जनावरच गेलं, माणसं वाचली, देवाची कृपा म्हणा. आजींनी म्हटलं. चार वर्षं म्हणत होत्या.

आघातावरच्या ज्या उपचाराला सगळ्यात भक्कम पुरावा आहे त्यातला एक म्हणजे एडना फोआ यांनी बांधलेला प्रोलाँग्ड एक्स्पोजर: सुरक्षित खोलीत, ओळखीच्या माणसासमोर, ती आठवण वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगायची, आणि टाळलेल्या गोष्टींजवळ पायरीपायरीनं जायचं. साधारण आठ ते पंधरा बैठका. काठावरच्या शेतकरी घरातल्या म्हातारीनं पंधरा वेळा बेळगावला यायचं म्हणजे काय, हे त्या पुस्तकाला माहीत नाही. आम्ही बैठका साखरेच्या तपासणीच्या तारखांना जोडल्या आणि मधल्या आठवड्यात फोन ठेवला. पायऱ्या आजींनीच लावून दिल्या. कोरडी दोरी हातात धरायची, सहा आणे. पोत्याचं तोंड बांधायचं, आठ आणे. ते काम पुरापासून सून करत होती. ओली दोरी, चौदा. रात्री गोठ्यात खुंट्याजवळ उभं राहायचं, सोळा.

आठवण सांगताना मात्र काहीतरी निसटत होतं. आजी सगळं वर्तमानात सांगायच्या. आपल्या बोलीला ते सोपं जातं: पाणी येतंय, मी उठतेय, कंदील शोधतेय. गोठ्याच्या दारापर्यंत असं. दारातून आत गेल्या की एकदम भूतकाळ: म्हस गेली. आणे चौदावरून खाली येईनात. आम्ही सुपरव्हिजनमध्ये ती टेप तीनदा ऐकली. मुलगी म्हणाली, "मॅडम, त्यांचं माहेर चिक्कोडीकडचं. आई कन्नड बोलायची. म्हैस माहेरून आणलेली. त्या म्हशीशी कुठल्या भाषेत बोलत असतील?"

मी इतकी वर्षं मराठीत ऐकतेय. मला हे सुचलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत गोठ्याच्या दारात आल्यावर तिनं हलकेच कन्नडमध्ये विचारलं, आता हातात काय आहे. आजींचे डोळे मिटलेले होते. उजव्या हाताची बोटं आपोआप वळली, अंगठा तर्जनीवर घासू लागला, आणि त्या म्हणाल्या, "गंटु बिच्चवल्दु." गाठ सुटेना. मग पुन्हा, जोरात, आणि पुन्हा. सुटेना. ओल्या दोरीची निरगाठ. पाणी मांडीपर्यंत, विळा कोनाड्यात, कोनाडा पाण्याखाली. म्हैस ओरडत नाही, नुसती बघतेय. नखं उलटतायत. आणि मग मागून मुलाचा हात, आणि आपलीच बोटं आपण गाठीवरून काढतोय. कुणी काढली नाहीत. आपण काढली.

खोलीत खूप वेळ कुणीच बोललं नाही. मुलीचा हात टेबलावर पुढं सरकला आणि मध्येच थांबला. आजींनी तो बघितला आणि आपला हात त्यावर ठेवला. उजवा.

त्या दिवशी सोळा आणे होते. पुढच्या बैठकीला पंधरा, मग बारा. मग मध्येच पाऊस झाला आणि पुन्हा चौदा. शेवटच्या महिन्यात पाच-सहावर येऊन थांबलं. तेवढं राहू दे, त्या म्हणाल्या, तेवढं तिचं हाय. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, एचबीए१सी, अकराच्या वर होता, तो नवाखाली आला.

मुलीबद्दलही सांगायला हवं, कारण हे शिक्षणच आहे. त्या बैठकीनंतर तिला आठवडाभर स्वप्नात पाणी दिसत होतं. आमच्या वेळी असं काही झालं तर आम्ही ते लपवायचो. लपवणं म्हणजे पक्कं होणं असं समजायचो. आता दर शुक्रवारी दुपारी दार लावून आम्ही फक्त याबद्दल बोलतो: ऐकलेलं कुणाच्या अंगाला कुठं लागलं. मी आधी माझं सांगते. सुरुवात बहुतेक वेळा त्या शाळेतल्या बाईपासून होते, फळ्याकडे बघणाऱ्या. मुलगी त्या दिवशी म्हणाली, की तिला बोटं दुखतायत. मग चार दिवस तिला नवी केस दिली नाही.

शेवटच्या बैठकीला आजींनी पिशवीतून हातभर सुती दोरी काढली आणि टेबलाच्या पायाला बांधून दाखवली. "ही निरगाठ. वडशील तशी आवळती. आन ही सुरगाठ. हे टोक वडलं की मोकळी. आता म्या सुरगाठच मारती." मुलीनं बांधून पाहिली, चुकली. आजींनी तिची बोटं धरून फिरवली. "वडू नको. आधी सैल कर."

पुढच्या जुलैत चार दिवस मुसळधार लागली. बातम्यांत धरणांच्या विसर्गाचे आकडे फिरू लागले. मुलगी सकाळी माझ्या खोलीच्या दारात फोन घेऊन उभी होती. केस बंद झाली होती, आणि बंद केसला आपणहून फोन करावा की नाही यावर आमच्यात पूर्वी वाद झालेला होता. मी मान हलवली. तिनं स्पीकर लावला. सात-आठ वेळा वाजल्यावर फोन उचलला गेला. मागं पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"आजी, मी बोलतेय. कशा आहात? हात कसा आहे?"

"गोठ्यात हाय बाळ. म्हस सोडाय लागलेय, वर देवळाकडं न्यायची हाय. मागनं कर फोन."